‘प्लानेता बूर’ (१९६२) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा जुना सोव्हिएत चित्रपट मी गेली काही वर्षं मित्रमंडळींना, शाळेतल्या मुलांना, आकाशनिरीक्षणाला जमणाऱ्या लोकांना दाखवत आलो आहे. चित्रपट संपला की प्रश्न सुरू होतात आणि घरी पोचल्यावर निरोपांतून पुन्हा तेच प्रश्न येतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंतागुंतीचे नंतर. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात चित्रपटाचा शेवट फोडलेला आहे, तेव्हा पाहायचा असेल तर तो आत्ता वाचू नका.

हा चित्रपट नेमका कोणता, आणि नावाचा अर्थ काय?

‘प्लानेता बूर’ म्हणजे ‘वादळांचा ग्रह’. रशियनमध्ये वादळाला ‘बूर्या’ म्हणतात, त्याचं हे षष्ठीचं अनेकवचन. ग्रह म्हणजे आपली शुक्राची चांदणी. लेनिनग्राडच्या विज्ञानपटांच्या स्टुडिओत पावेल क्लुशान्त्सेव यांनी तो दिग्दर्शित केला आणि एप्रिल १९६२ मध्ये तो सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला. गागारिन अवकाशात जाऊन आला १२ एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे त्याला नुकतं कुठे एक वर्ष होत होतं. तिकिटाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला शुक्रावरची स्वारी आपल्या हयातीतच होणार असं मनापासून वाटत होतं. पाहताना हे ध्यानात ठेवा, बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

गोष्ट थोडक्यात सांगाल का? शेवट न फोडता.

तीन यानं शुक्राकडे निघालेली असतात. त्यांची नावं ताऱ्यांवरून ठेवली आहेत: सिरिअस, वेगा आणि कापेला. आपल्या पंचांगातली नावं घेतली तर व्याध, अभिजित आणि ब्रह्महृदय. मी मुलांना गोष्ट सांगतो ती याच नावांनी. सुरुवातीलाच ब्रह्महृदयावर अशनी आदळते आणि ते यान माणसांसकट नष्ट होतं. बदली यान आर्क्टुरुस, म्हणजे स्वाती, पृथ्वीवरून निघून पोचेपर्यंत काही महिने जाणार. आता उरलेल्या दोन यानांतल्या माणसांनी तोवर नुसतं थांबायचं, की आहे त्या बळावर शुक्रावर उतरायचं?

ते उतरायचं ठरवतात. अमेरिकन शास्त्रज्ञ केर्न, सोव्हिएत अंतराळवीर श्चेर्बा आणि यंत्रमानव जॉन आधी खाली जातात. अभिजितवर, कक्षेत, माशा इवानोवा एकटी राहते. खाली गेलेल्यांचा संपर्क तुटतो. मग व्याध हे यान उतरतं. त्यातले वेर्शिनिन, बोब्रोव आणि तरुण अल्योशा या दोघांना शोधायला हवेवर तरंगत चालणाऱ्या उघड्या गाडीतून निघतात. दलदल, ज्वालामुखी, सरपटणारे प्राणी, समुद्र असा तो प्रवास आहे. आणि वाटेत अल्योशाला दुरून कुणीतरी गातंय असं ऐकू येत राहतं.

रंगीत आहे का? किती वेळाचा आहे?

रंगीत. सव्वा तासाच्या आसपास. मध्यंतराची गरज पडत नाही.

रशियन येत नाही. तरी कळेल का?

कळेल. संवाद मोजके आहेत आणि बरीचशी गोष्ट डोळ्यांनी समजते. इंग्रजी उपशीर्षकं असलेली प्रत मिळाली तर उत्तमच. पण इंग्रजीत ‘डब’ केलेली प्रत हाती आली तर जरा थांबा: ती बहुतेक वेळा वेगळाच चित्रपट असते. ‘मी पाहिला तो इंग्रजीत होता’ हा पुढचा प्रश्न पाहा.

पावेल क्लुशान्त्सेव कोण होते? नाव कधी ऐकलं नाही.

बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, आणि या पानाचं खरं कारण तेच आहे.

क्लुशान्त्सेव यांचा जन्म १९१० चा, सेंट पीटर्सबर्गचा. निधन त्याच शहरात, १९९९ मध्ये. ते मूळचे छायाचित्रणातले, युक्तिदृश्यांत (म्हणजे ‘स्पेशल इफेक्ट्स’मध्ये) रमणारे. कथापटांपेक्षा त्यांचं आयुष्य विज्ञानपटांत गेलं. १९५७ चा ‘दोरोगा क ज्व्योज्दाम’ म्हणजे ‘ताऱ्यांकडे जाणारी वाट’ हा त्यांचा चित्रपट आधी पाहिला तर ‘प्लानेता बूर’ दुप्पट आवडेल. त्याचा पहिला भाग रॉकेटविद्येचे जनक त्सिओल्कोव्स्की यांच्यावर आहे. पुढे माणूस अवकाशात कसा जाईल, फिरतं अवकाशस्थानक कसं असेल, चंद्रावर पहिलं पाऊल कसं पडेल हे सगळं उभं करून दाखवलं आहे. चित्रपट पूर्ण होत आला असताना ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडाला, आणि तोही त्यात आला.

त्यांच्या कामाची तऱ्हा कळावी म्हणून एकच दृश्य सांगतो. वजनरहित अवस्थेत माणूस तरंगताना दाखवायचा आहे. संगणक नाही, काही नाही. नटाला तारेने टांगावं तर तार दिसते. क्लुशान्त्सेव यांनी कॅमेरा जमिनीवर ठेवला, भिंग वर छताकडे वळवलं आणि नटाला बरोबर कॅमेऱ्याच्या डोक्यावर टांगलं. तार नटाच्या शरीराआड लपते. खोलीचा देखावा आडवा न लावता उभा, विहिरीसारखा रचायचा. पडद्यावर पाहणाऱ्याला खोली सरळ दिसते आणि माणूस तिच्यात पोहत पुढे येतो. हे समजल्यावर मी ते दृश्य थांबवून थांबवून पाहिलं, तरीही तार सापडली नाही.

‘प्लानेता बूर’ हा त्यांचा एकमेव पूर्ण लांबीचा कथाचित्रपट. त्यानंतर ‘लुना’ (१९६५) आणि ‘मार्स’ (१९६८) असे अर्धे माहितीपट, अर्धे कल्पनापट त्यांनी केले. मुलांसाठी पुस्तकंही लिहिली. दुर्बिणीवरचं त्यांचं चित्रमय पुस्तक सोव्हिएत प्रकाशनाने इंग्रजीतही काढलं होतं. स्वस्त, जाड पुठ्ठ्याची सोव्हिएत पुस्तकं आपल्याकडे प्रदर्शनांतून घरोघर आली, त्या काळातलं हे पुस्तक. तुमच्या माळ्यावर तशी पुस्तकं असतील तर लेखकांची नावं एकदा नीट वाचून पाहा.

कथा कुणाची आहे?

अलेक्सांद्र कझान्त्सेव यांची. पटकथा त्यांनी आणि क्लुशान्त्सेव यांनी मिळून लिहिली. कझान्त्सेव हे विज्ञानकथाकार. १९०८ मध्ये सैबेरियात तुंगुस्का इथे जो प्रचंड स्फोट झाला, तो परग्रहावरच्या यानाचा अणुस्फोट होता अशी कथा त्यांनी १९४६ मध्ये लिहिली. ती इतकी गाजली की अनेकांनी कथा बाजूला ठेवून कल्पनाच खरी धरली. दुसऱ्या जगातली माणसं आपल्यासारखीच असतील का, या प्रश्नाने त्यांना पछाडलं होतं. या चित्रपटातही तो प्रश्न त्यांनीच आणला आहे.

शुक्रावर डायनासोर? इतका भाबडेपणा कसा?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा हसत हसत विचारलेला. म्हणून उत्तर थोडं सविस्तर देतो.

दुर्बिणीतून शुक्र पाहिला की पांढऱ्या ढगांपलीकडे काहीच दिसत नाही. ढग म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पाऊस, आणि सूर्याच्या जवळ म्हणून उष्ण. मग खाली दमट, दलदलीचं रान असणार, पृथ्वीवर कोट्यवधी वर्षांपूर्वी होतं तसं. हे अनुमान काही कथाकारांनी काढलेलं नाही. स्वीडनचे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शुक्राचं असंच ओलंचिंब चित्र रंगवलं होतं. १९५६ मध्ये शुक्राकडून येणारे सूक्ष्मतरंग मोजले गेले, तेव्हा तापमान शेकड्यांत येऊ लागलं. पण ही उष्णता जमिनीची की वरच्या वातावरणातली, यावर वाद चालू होता. सोव्हिएत संघाने १९६१ च्या फेब्रुवारीत शुक्राकडे ‘वेनेरा १’ सोडलं, त्याचा संपर्क वाटेतच तुटला. ‘प्लानेता बूर’ बनत होता तेव्हा दलदलीचा शुक्र अजून पूर्ण बाद झालेला नव्हता.

बाद झाला तो चित्रपटानंतर जेमतेम आठ महिन्यांनी. १४ डिसेंबर १९६२ रोजी अमेरिकेचं ‘मरिनर २’ शुक्राजवळून गेलं आणि खालचा भाग भट्टीसारखा तापलेला आहे हे त्याने कळवलं. मग सोव्हिएत यानांनी एकेक पायरी गाठली. ‘वेनेरा ४’ १९६७ मध्ये वातावरणात शिरलं. ‘वेनेरा ७’ १९७० मध्ये जमिनीवर उतरून तिथून संदेश पाठवणारं पहिलं यान ठरलं. ‘वेनेरा ९’ ने २२ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या जमिनीचं पहिलं छायाचित्र पाठवलं: चपटे, कडा असलेले दगड, बाकी काही नाही.

क्लुशान्त्सेव यांच्या देशानेच त्यांचा शुक्र खोडून काढला. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. चित्रपटातली माणसं दगड गोळा करतात, नोंदी करतात, दिसेल त्याबद्दल आपसात वाद घालतात. तेच काम पुढे यंत्रांनी केलं.

मग यातलं विज्ञान किती बरोबर आणि किती चूक?

चूक आधी. तिथे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस आहे आणि दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट, समुद्रात जवळपास ९०० मीटर खाली असावा तितका. हवेत ९६ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड. ‘वेनेरा १३’ १ मार्च १९८२ ला उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं, तोही मोठा पराक्रम मानला गेला. समुद्र नाही, झाड नाही, प्राणी नाहीत. चित्रपटभर कोसळणारा पाऊससुद्धा नाही: तिथल्या ढगांत पाणी नसून गंधकाम्ल आहे आणि त्याचे थेंब जमिनीवर पोचण्याआधीच वाफ होऊन जातात.

नावातलं वादळ अर्धं खरं आहे. वरचे ढग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतात आणि चारेक दिवसांत ग्रहाला फेरी घालतात. पण जमिनीलगत वारा माणसाच्या चालण्याइतकाही जोरात वाहत नाही. उतरलेल्या यानांनी सेकंदाला मीटरभर, त्याहूनही कमी वेग मोजला. म्हणजे वादळांचा ग्रह खरा, फक्त वादळ माथ्यावर.

आता बरोबर काय. शुक्राचं गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे नऊदशांश, त्यामुळे माणसं तिथे आपल्यासारखी चालताना दाखवली आहेत ते योग्यच. आणि ज्वालामुखी! मॅगेलन यानाने १९९१ मध्ये रडारने टिपलेल्या प्रतिमा २०२३ मध्ये पुन्हा तपासल्या, तेव्हा माट मॉन्स या पर्वतावरच्या एका मुखाचा आकार काही महिन्यांत बदललेला दिसला. शुक्रावर आजही लाव्हा वाहत असल्याचा हा भक्कम पुरावा. दलदल गेली, प्राणी गेले, लाव्हाची नदी राहिली.

शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत चित्रपटात अमेरिकन शास्त्रज्ञ कसा?

सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांच्या काळात ‘शांततामय सहजीवन’ हे अधिकृत धोरण होतं. अवकाशात दोन्ही देशांची माणसं एकत्र दाखवणं त्याला धरूनच होतं. केर्न हा खलनायक नाही. तो हुशार आहे, थोडा आढ्यतेखोर आहे, माणसांपेक्षा आपल्या यंत्रावर जास्त भरवसा ठेवणारा आहे. चित्रपट त्याला शिक्षा करत नाही, त्याचा भरवसा तेवढा तपासून पाहतो. कसा, ते पुढच्या उत्तरात.

यंत्रमानव जॉनबद्दल सगळे इतकं का बोलतात?

लाव्हाच्या दृश्यामुळे.

जॉन अवजड आहे, सावकाश चालतो, ठोकळ्यासारखा दिसतो. आत माणूस आहे हे ठाऊक असूनही दहा मिनिटांत आपण ते विसरतो. केर्न त्याला हुकूम सोडत नाही, विनंती करतो. केर्न आणि श्चेर्बा दोघंही तापाने गळून गेलेले असताना समोरून लाव्हा येतो. जॉन दोघांना खांद्यावर घेतो आणि त्या वितळलेल्या नदीत उतरतो. सुरुवातीला वाटतं, वाचले. पण तो तापू लागतो. त्याच्या यंत्रणेत स्वतःला वाचवण्याची सूचना पक्की बसवलेली आहे, आणि हिशेब सरळ आहे: भार कमी केला तर आपण वाचू. भार म्हणजे ही दोन माणसं. जॉन त्यांना खाली टाकायला लागतो.

यात राग नाही, द्वेष नाही, बंड तर नाहीच. यंत्र फक्त ठरल्याप्रमाणे वागतंय आणि ते ठरवणारा त्याच्याच खांद्यावर बसलाय. इतक्यात शोधायला निघालेली गाडी पोचते. दोघं वाचतात, जॉन राहतो. लाव्हात तो हळूहळू खचत जातो तेव्हा मुलांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, “त्याला का नाही घेतलं?” नुकतंच ज्याने दोन माणसांना मरायला टाकलं असतं, त्याच्यासाठी मुलांचा जीव तुटतो. क्लुशान्त्सेव यांनी एका पत्र्याच्या ठोकळ्याकडून हे करून घेतलं.

माशाला नुसतं वरच ठेवलंय. ही त्या काळची बाईची जागा म्हणायची का?

तक्रार रास्त आहे. सहकारी पुरुष तिच्याशी बोलतात त्यात कौतुकाबरोबर थोडी वडिलकीही आहे, आणि तिच्या वाट्याला रडणंही आलं आहे. पण चित्रपटातला सगळ्यात अवघड निर्णय तिच्याकडेच दिला आहे, हे सुटू देऊ नका. खालच्यांचा आवाज बंद झालेला. ती यान घेऊन उतरली तर कदाचित त्यांना वाचवता येईल, पण मग पृथ्वीवर परत न्यायला कुणाचंच यान उरणार नाही. वर थांबली तर मित्रांना मरताना नुसतं ऐकत राहावं लागेल. खालच्यांकडे निदान धावपळ आहे. तिच्याकडे तीही नाही. ती काय करते ते इथे सांगत नाही.

एक तारीख मात्र सांगतो. व्हालेन्तिना तेरेश्कोवा अवकाशात गेल्या १६ जून १९६३ रोजी, म्हणजे या चित्रपटानंतर वर्षाहून अधिक काळाने. पडद्यावरची माशा खऱ्या पहिल्या स्त्री अंतराळवीराच्या आधी कक्षेत पोचली होती. ही भूमिका क्युन्ना इग्नातोवा यांनी केली आहे.

बोब्रोवचं काम करणारा नट ओळखीचा वाटतो. कोण?

गिओर्गी झ्झोनोव. रशियन चित्रपट पाहणाऱ्यांना हा चेहरा परिचित असतो. १९७९ च्या ‘एकिपाझ’ या विमान दुर्घटनेवरच्या चित्रपटातले वयस्क वैमानिक तेच. स्टालिनच्या काळात, १९३८ मध्ये त्यांना अटक झाली. सैबेरियाच्या टोकाला कोलिमाच्या श्रमछावण्यांत आणि नंतर हद्दपारीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. १९५५ मध्ये त्यांना निर्दोष ठरवण्यात आलं. ‘प्लानेता बूर’ मध्ये ते शांत, अनुभवी, फार न बोलणारे बोब्रोव झाले आहेत. ही माहिती कळल्यावर मी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि अल्योशाला धीर देणारा तो चेहरा मला निराळाच दिसला.

मी पाहिला तो इंग्रजीत होता. त्यात बेसिल रॅथबोन होते. मूळ हाच का?

नाही. तुम्ही पाहिलात तो ‘व्हॉयेज टू द प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ (१९६५). माझीही या चित्रपटाशी पहिली भेट तिथेच झाली, आणि खरं नाव कळायला मला बरेच दिवस लागले.

घडलं ते असं. अमेरिकन निर्माते रॉजर कॉर्मन यांनी सोव्हिएत अवकाशपटांचे हक्क विकत घेतले. चोरी नव्हती, रीतसर खरेदी होती. युक्तिदृश्यं इतकी उत्तम की तशी अमेरिकेत करायला भरमसाट पैसा लागला असता. मग जुन्या चित्रपटाला नवे तुकडे जोडून नवा चित्रपट म्हणून विकायचं. ‘प्लानेता बूर’ च्या वाट्याला हे दोनदा आलं.

पहिल्या खेपेला कर्टिस हॅरिंग्टन यांनी काम केलं, पण श्रेयनामावलीत नाव लावलं ‘जॉन सेबॅस्टियन’. दिग्दर्शक म्हणून हे नाव का दिसतं, असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर. नट रॅथबोन त्यात चंद्रावरच्या तळावर बसून सूचना देतात. मूळ कथेत हे पात्रच नाही. माशाची दृश्यं बरीचशी काढून तिथे फेथ डोमर्ग ही अमेरिकन अभिनेत्री बसवली. म्हणजे इग्नातोवा यांचं काम, ज्याबद्दल वर लिहिलं, ते या प्रतीत जवळजवळ नाहीच. सोव्हिएत नटांना श्रेयनामावलीत इंग्रजी धाटणीची खोटी नावं दिली.

दुसऱ्या खेपेला ‘व्हॉयेज टू द प्लॅनेट ऑफ प्रीहिस्टॉरिक विमेन’ (१९६८). याचे दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच, पडद्यावरचं नाव ‘डेरेक थॉमस’. पुढे १९७१ मध्ये ‘द लास्ट पिक्चर शो’ करणारे तेच. समुद्रकिनाऱ्यावर शिंपल्यांची वस्त्रं ल्यालेल्या शुक्रकन्यांची दृश्यं घेऊन ती मूळ चित्रफितीत पेरली आहेत. मॅमी व्हॅन डोरेन त्यांची प्रमुख. अंतराळवीर आणि शुक्रकन्या एकदाही समोरासमोर येत नाहीत, येणार तरी कसे? मधे सहा वर्षं आणि एक महासागर होता.

मला या दोन्ही रूपांचा राग येत नाही. त्यांच्यामुळेच क्लुशान्त्सेव यांची दृश्यं पश्चिमेत पोचली. पण त्यांचं नाव पोचलं नाही, याचं दुःख मात्र आहे.

माझ्याकडची प्रत मूळ आहे हे कसं ओळखायचं?

पहिल्या पाच मिनिटांत कळतं. नामावली रशियन लिपीत हवी. कक्षेत राहिलेली स्त्री क्युन्ना इग्नातोवा हवी. तिच्या जागी दुसरी अभिनेत्री वेगळ्याच रंगाच्या, वेगळ्याच प्रकाशातल्या खोलीतून बोलत असेल तर ती १९६५ ची प्रत. किनारा आणि शिंपले दिसले तर १९६८ ची. चंद्रावरचा तळ दिसला तरी मूळ नव्हे.

एक फसवी अडचण आहे. काही ठिकाणी मूळ रशियन चित्रपटाला ‘प्लॅनेट ऑफ स्टॉर्म्स’ असं इंग्रजी नाव दिलेलं असतं. ते नाव बरोबर आहे, त्या प्रतीला घाबरू नका.

‘बॅटल बियाँड द सन’ आणि ‘क्वीन ऑफ ब्लड’ हेही यातूनच काढले ना?

नाही, पण गोंधळ होणं स्वाभाविक आहे, कारण खरेदीदार एकच. ‘बॅटल बियाँड द सन’ (१९६२) निघाला ‘नेबो झोव्योत’ मधून. ‘आकाश साद घालतंय’ असा त्याचा अर्थ. कीव्हच्या दोव्झेन्को स्टुडिओचा १९५९ चा चित्रपट, मंगळाकडे जायच्या शर्यतीचा. त्याचं अमेरिकन रूप करायचं काम कॉर्मन यांनी फ्रान्सिस फोर्ड कपोला या तरुणाकडे दिलं होतं. ‘गॉडफादर’ अजून दहा वर्षं लांब होता. सोव्हिएत आणि अमेरिकन यांच्या जागी उत्तर गोलार्ध आणि दक्षिण गोलार्ध आले आणि मधे दोन राक्षसांची मारामारी घुसवली.

‘क्वीन ऑफ ब्लड’ (१९६६) मधली बरीच दृश्यं ओडेसाच्या स्टुडिओत बनलेल्या ‘मेच्ते नाव्स्त्रेचू’ (१९६३) मधली आहेत. त्यातही रॅथबोन आहेत, म्हणून आठवणीत सरमिसळ होते. थोडा धागा मात्र इकडेही आहे: कॉर्मन यांच्या जोडकामात ‘नेबो झोव्योत’ चे तुकडे ‘प्लानेता बूर’ च्या अमेरिकन रूपांतही आले आहेत. एखादं यान मधेच वेगळ्या घडणीचं दिसलं तर तुमचे डोळे बरोबर आहेत.

स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘२००१’ या १९६८ च्या चित्रपटासाठी यातून उचललं, असं वाचलं. खरं का?

तुलना होते ती ‘प्लानेता बूर’ शी नसून ‘दोरोगा क ज्व्योज्दाम’ शी. फिरतं अवकाशस्थानक, कॅमेऱ्याच्या वर टांगलेला तरंगणारा माणूस, चित्रदूरध्वनीवरून घरच्यांशी बोलणं: साम्य डोळ्यांत भरण्यासारखं आहे आणि मधलं अंतर अकरा वर्षांचं. तरी मी ‘उचललं’ हा शब्द वापरत नाही. फिरत्या स्थानकाची कल्पना त्सिओल्कोव्स्की यांच्या लिखाणात आहे, १९२० च्या दशकाच्या अखेरीस अभियंते पोटोच्निक यांनी तिचा आराखडा काढला, १९५२ मध्ये रॉकेटतज्ज्ञ फॉन ब्राउन यांनी ती अमेरिकेत घरोघर पोचवली. दोघंही दिग्दर्शक त्याच विहिरीवर पाणी भरायला गेले होते. क्लुशान्त्सेव आधी पोचले, एवढं निर्विवाद.

हॉलिवूडमध्ये त्यांचं ऋण मानणारे आहेत. ‘एलियन्स’ आणि ‘टर्मिनेटर २’ साठी ऑस्कर मिळवणारे युक्तिदृश्यकार रॉबर्ट स्कोटक यांनी क्लुशान्त्सेव यांना त्यांच्या उतारवयात शोधून काढलं आणि रशियात जाऊन त्यांची भेट घेतली.

शुक्रावर जाणाऱ्या पथकात एक भारतीय गणितज्ञ असतो, तो चित्रपट हाच का?

तो दुसरा. पूर्व जर्मनी आणि पोलंड यांनी मिळून १९६० मध्ये केलेला ‘डेर श्वायगेंडे श्टेर्न’, म्हणजे ‘मौनी तारा’. दिग्दर्शक कुर्ट मेत्सिग, मूळ कादंबरी स्टानिस्लाव लेम यांची. त्यात सिकर्ना नावाचे भारतीय गणितज्ञ आहेत, भूमिका जर्मन नटाने केली आहे. तोही शुक्रावरच जातो, म्हणून दोन्ही एक वाटतात. त्यात शुक्रवासींनी अणुशस्त्रांनी स्वतःचा नाश ओढवून घेतलेला आहे. सूर अगदी वेगळा.

‘सोलारिस’ आवडला होता. हा तसाच आहे का?

नाही. तार्कोव्स्कींच्या १९७२ च्या ‘सोलारिस’ मधला प्रवास माणसाच्या आत जातो. हा बाहेर जाणारा, उत्सुक, धावता चित्रपट आहे. तीच अपेक्षा घेऊन बसलात तर हिरमोड होईल.

मुलांना दाखवावा का?

आठ वर्षांच्या पुढच्यांना जरूर. रक्तपात नाही. जॉनच्या दृश्यानंतर थोडं बोलायला वेळ ठेवा. आणि जमलं तर शुक्र संध्याकाळी पश्चिमेला दिसत असेल अशा दिवसांत दाखवा, म्हणजे संपल्यावर गच्चीवर नेऊन बोट दाखवता येतं. लहान दुर्बीण असेल तर त्याची कोरही दिसते.

यानंतर काय पाहू?

पहिला ‘दोरोगा क ज्व्योज्दाम’, कारण वर सांगितलंच. मग मागे जा: १९३६ चा ‘कोस्मिचेस्की रेइस’, वसिली झुराव्ल्योव यांचा मूकपट, चंद्रावरच्या सफरीचा. त्याला त्सिओल्कोव्स्की यांनी स्वतः सल्ला दिला होता. सप्टेंबर १९३५ मध्ये ते गेले, तयार चित्रपट त्यांना पाहायला मिळाला नाही.

शेवटी डबक्यात दिसतं ते कोण? (शेवट फोडला आहे)

अल्योशाने वाटेत उचललेला एक दगड जवळ ठेवलेला असतो. निघायच्या घाईत तो त्याच्याकडून फुटतो. वरचं कवच गळून पडतं आणि आतून कोरलेला चेहरा निघतो, स्त्रीचा, आपल्यासारख्याच माणसाचा. तो ओरडून सांगू पाहतो, पण आता थांबणं शक्य नाही. पाऊस, पूर, खचणारी जमीन. यान सुटतं.

कॅमेरा मात्र खालीच राहतो. पाण्याचं एक डबकं, वर हलणारे तरंग. त्यात उलटी पडलेली एक लांब, झुळझुळीत वस्त्रातली आकृती पुढे येते. चेहरा स्पष्ट दिसत नाही. गाणं ऐकू येत होतं ते तिचंच, असं आपण समजायचं.

तिला सरळ न दाखवता पाण्यात दाखवलं, यात मला क्लुशान्त्सेव यांचा सगळा स्वभाव दिसतो. प्राण्यांना त्यांनी मोकळेपणी दाखवलं, यंत्राला दाखवलं, पण या एका गोष्टीपाशी हात आखडला. १९६८ च्या अमेरिकन रूपात नेमकी हीच जागा शुक्रकन्यांनी भरून काढली आहे. मूळ प्रतीत पाणी स्थिर व्हायच्या आतच पडदा काळा होतो.